पाटावरची आई

खानदेशात आखाजीला बाई सासरी सापडायची नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी पोरीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि सासरच्यांची मनसोक्त उणीदुणी काढतात. माझं माहेर असोद्याचं. आई गेली, भाऊ पुण्याला स्थायिक झाला आणि त्याने घर विकून टाकलं. विकताना मला विचारलं नाही, त्यावरून आमचं जे वाजायचं ते वाजलं. तेव्हापासून आखाजी जवळ आली की माझी चिडचिड सुरू व्हायची. नवरा दोंडाईच्याला त्याच्या मोठ्या भावाकडे जायचा. "तू पण चल ना," असं दर वर्षी म्हणायचा. मी म्हणायची, आखाजीला सासरी येऊन काय पापड लाटू? मग तो बिचारा एकटाच गाडी पकडायचा आणि मी घरी खिचडी टाकून बसायची.

मी कृषी खात्यात आहे. बी-बियाणं आणि खतं विकणाऱ्या दुकानांची तपासणी करायची, पोत्यांतून, पाकिटांतून नमुने काढून प्रयोगशाळेला पाठवायचे, हे माझं काम. नमुना नापास झाला तर दुकानदाराची विक्री बंद होते, परवान्यावर गदा येते. म्हणून दुकानदार मला बघून हसतात ते मनापासून नसतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. चहासुद्धा मी कोणाकडे घेत नाही. याबद्दल माझी ख्याती आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या ख्यातीचा अभिमानही होता.

गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझी बदली झाली. पहिल्याच वर्षी, आखाजीच्या आदल्या दिवशी, तिथल्या सगळ्यात मोठ्या कृषी सेवा केंद्राचा मालक बायकोला घेऊन माझ्या दारात उभा. मी कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा असेल असं वाटलं होतं. पण त्याच्या बायकोच्या हातात फक्त कुंकवाचा करंडा होता. तो म्हणाला, "मॅडम, उद्या आमच्या आईच्या नावाने तुम्ही जेवायला या."

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजीला आम्ही पितरांची घागर भरतो. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबे, समोर विस्तवावर पुरणपोळीचा घास. आणि गेलेल्या माणसाच्या जागी एखाद्या जित्या माणसाला पाटावर बसवून जेवू घालतो. वडील गेले असतील तर पुरुषाला, आई सवाष्ण गेली असेल तर सवाष्णीला. तो माणूस जेवला की आपलं माणूस जेवलं. तेवढ्या वेळापुरता तो परका राहत नाही.

आता याला नाही कसं म्हणायचं? चहाला नाही म्हणता येतं. पाकिटाला तर दारातूनच हाकलता येतं. पण "माझ्या मेलेल्या आईच्या जागी बसा" म्हणणाऱ्याला काय नियम दाखवायचा? मी गेले.

त्या घरी माझे पाय धुतले. सुनांनी ओटी भरली. पाटाभोवती रांगोळी, ताटात रस, पोळी, कुरडई, भजी, कढी. दाराशी बाजेवर दुकानदाराचे वडील बसले होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. गेलेली बाई म्हणजे त्यांचीच बायको. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मला अवघडल्यासारखं झालं तेव्हा तेच म्हणाले, "बस व माय. पोटभर जेव. ती कव्हय पोटभर जेवनी नही."

जेवण झाल्यावर दुकानदाराने माझ्या पायांवर डोकं टेकवलं. माझ्याहून वयाने मोठा, पोट सुटलेला, गावात वजन असलेला माणूस. म्हणाला, "माय, पोट भरनं ना?" मी हो म्हणाले आणि घरी येऊन ढसाढसा रडले. जिला स्वतःची आई नाही, जायला माहेर नाही, तिला कोणीतरी आई करून पाटावर बसवलं होतं. त्या दिवसापासून आखाजी आली की माझी चिडचिड होईनाशी झाली. मी चक्क वाट बघायला लागले. नवऱ्याला म्हणायची, तू जा तुझ्या दोंडाईच्याला, मला माझं घर आहे.

मग जळगावला आमचं प्रशिक्षण लागलं. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांच्या निरीक्षकांना एकत्र बोलावलं होतं. विषय होता हितसंबंधांचा संघर्ष. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्याच्याशीच आपलं काही नातं, भागीदारी, देणंघेणं असेल तर काय करायचं. सांगायला पुण्याहून एक निवृत्त अधिकारी आले होते, शांत आणि सभ्य. ते म्हणाले, प्रामाणिक माणसालासुद्धा हा धोका असतो, किंबहुना त्यालाच जास्त असतो, कारण त्याला वाटतं आपण तर प्रामाणिक आहोत. शंका आली तर वरिष्ठांना सांगून मोकळं व्हा आणि त्या कामातून बाजूला व्हा. मागून एकाने विचारलं, "सर, चुलत साडू धरायचा का?" हशा पिकला. खानदेशात चुलत साडू धरायचा म्हटलं तर अख्खा तालुका नात्यात निघेल. मीही हसले. माझं तालुक्यात कोणीच नव्हतं, त्यामुळे मी निवांत होते.

जेवणाच्या सुट्टीत भरीत होतं, हिवाळ्यात जळगावला दुसरं काय असणार. कळण्याची भाकरी, भरीत, तळलेल्या मिरच्या. माझ्या शेजारी माझ्याच जागेवर माझ्या आधी असलेले गृहस्थ बसले होते, आता ते धुळे जिल्ह्यात आहेत. त्यांनी घास घेता घेता विचारलं, "नाना कसे आहेत?"

मी म्हटलं, बरे आहेत. तुम्ही ओळखता?

"म्हणजे काय! आखाजीला तुला बसवतात ना आता? मी होतो तोवर आमची ही बसायची. त्यांच्या पोळीला तोड नाही हं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं. मी म्हटलं, कुठे बसायची?

"पाटावर. नानांची बायको म्हणून." त्यांनी मिरची उचलली. "माझ्या आधीच्या साहेबांचं लग्न झालेलं नव्हतं, तर त्यांना नानांचे वडील करून बसवायचे. आमच्या खात्याने त्या घरची दोन पिढ्यांची पितरं जेवली आहेत."

मी विचारलं, आणि तुमची बदली झाल्यावर वहिनींना बोलावणं आलं नाही?

"कसं येईल? तू आलीस ना तिथे."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला त्यांच्यावर ओरडताही येईना. त्यांना त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. मी मनात धरून बसले होते की माझ्या चालण्यात, बोलण्यात त्यांना आई दिसली असेल. नानांच्या त्या टक लावून बघण्याचे मी किती अर्थ काढले होते. आणि इथे आई बदलीच्या आदेशाबरोबर बदलत होती. मी त्या घराची कोणीच नव्हते, मी त्या वर्षाची निरीक्षक होते.

पण खरा दणका पुढेच होता. हात धुताना ते हसत म्हणाले, "आणि फोन करून जातेस ना नमुने घ्यायला? मला तर फार अवघड वाटायचं बुवा. आई पोराच्या घरी न सांगता झडतीला कशी जाईल?"

खरंच मी फोन करून जात होते. तालुक्यातल्या बाकी प्रत्येक गोदामात मी अचानक जायची, दुकानदार जेवत असला तर त्याला ताटावरून उठवायची. फक्त त्या एका दुकानी, आदल्या दिवशी, "उद्या येते हं." कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. मला ते सौजन्य वाटत होतं. माझा एक रुपयाचा चहा न पिण्याचा सगळा तोरा त्या नळाखाली वाहून गेला. दुपारच्या सत्रात पुण्याच्या अधिकाऱ्यांनी काय शिकवलं, मला आठवत नाही.

परत आल्यावर मी तालुक्याच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, त्या एका दुकानाची तपासणी माझ्याकडे ठेवू नका, माझा संबंध आहे.

साहेब दचकले. "भागीदारी?"

"नाही."

"मग नातं? काय लागतं तुमचं?"

"मी त्यांची आई आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तो तुमच्यापेक्षा मोठा आहे."

मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी काळजी होती, मग गंमत आली आणि शेवटी कंटाळा. म्हणाले, "नियमात सख्खे आहेत, सासरचे आहेत, अवलंबून असलेले आहेत. पितर मी कुठे बसवू? आणि भेटवस्तू तरी कुठे घेतलीत? जेवलात, ते पण दुसऱ्याच्या नावाने. वर पाठवलं तर लोक मला हसतील." बाहेर बसलेला बाबू दारातून म्हणाला, "मॅडम, असं जेवण कोणी सोडतं का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, हसू द्या लोकांना, मी फोन करून जाते हे हसण्यासारखं आहे का? गेल्या वर्षी त्या दुकानाचा एकही नमुना नापास झाला नाही, तो माल चांगला होता म्हणून की मी आदल्या दिवशी कळवलं म्हणून, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. उद्या कोणाच्या वावरात कापूस उगवलाच नाही तर तुम्ही सांगाल का त्याला, की बाई आई होती म्हणून?

माझा आवाज चढला की साहेब नमतं घेतात. बरेच दिवस त्यांनी ते प्रकरण लांबवलं, मी रोज विचारत राहिले. शेवटी आखाजीच्या तोंडावर आदेश निघाला. त्या दुकानापुरती तपासणी शेजारच्या तालुक्याच्या निरीक्षकाकडे गेली.

आता राहिलं आमंत्रण. ते येणार हे मला माहीत होतं. मी गेले नाही तर त्यांना किती लागेल, मृत आईचा अपमान केला असं वाटेल का, नानांना काय सांगायचं, मी शब्द जुळवून ठेवले होते. खरं सांगायचं तर मलाच ते घर सोडवत नव्हतं. सगळं कळूनही त्या पाटाची ओढ जात नव्हती, आणि याचा मला स्वतःचाच राग येत होता.

ते आले. दुकानदार, त्याची बायको, कुंकवाचा करंडा, आणि या वेळी काठी टेकत नानाही. मी दोघा नवराबायकोला बसवलं आणि सांगून टाकलं. यंदा मी येणार नाही. तुमच्या दुकानाची तपासणी मी सोडली आहे. ज्याच्या घरी जेवायचं त्याच्याच गोदामात जायचं हे मला जमणार नाही.

मी वाट बघत होते की तो दुखावेल, चिडेल, निदान का म्हणून विचारेल. तो अगदी अदबीने म्हणाला, "काही हरकत नाही मॅडम. तुमचंही बरोबर आहे." मग क्षणभर थांबून विचारलं, "तुमच्या जागी कोण येणार आता?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? आदेश सगळ्यांना कळणारच होता. त्याने मान हलवली, बायकोला डोळ्याने खूण केली, आणि दोघं उठली. करंडा न उघडताच परत गेला. मी चांगलीच चक्रावले, कारण इतकी सहज सुटका होईल असं मला वाटलं नव्हतं.

नाना मात्र पायरीवरच बसून राहिले. पोराला म्हणाले, तू हो पुढे. तो गेल्यावर मला म्हणाले, "माय, तू नही तं कोन बसी?"

मी म्हटलं, नाना, आधी कोण बसायचं? साहेब लोकांच्या आधी?

त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला. "तिनी जोडीदारीन. मागली गल्लीमा राहस. दोन्ही जनी संगेच वावरमा निंदाले जायेत. आखरी पानी बी तिनाच हातनं पिनी." मग काठीने जमिनीवर रेघा ओढत म्हणाले, "मंग पोरगा म्हने, साहेबसले बसाडू. घरनी शोभा वाढस."

मी ज्या पाटावर बसून रस ओरपत होते तो कोणाचा तरी होता. कोणालातरी उठवून मला तिथे बसवलं होतं, आणि ती बाई त्याच गल्लीच्या मागे जिवंत होती. मी इतकी वर्षं लोकांच्या पोत्यांत काय भरलंय ते तपासत फिरते, आणि माझ्या ताटाखाली काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "मग यंदा तिलाच बसवा ना. आता मी नाही, साहेबही नाही. जागा मोकळी आहे."

ते हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच बघत होते. "सांगस पोरग्याले," म्हणाले आणि घाईघाईने उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, माझी आखाजी गेली खरी, पण निदान जिची होती तिला परत मिळाली.

आखाजीच्या दिवशी नवरा दोंडाईच्याला गेला. मी खिचडी टाकली. गल्लीत कोणाच्या तरी अंगणात झोक्यावरची गाणी चालली होती, ऐकवत नव्हती म्हणून मी खिडकी लावून घेतली. पण जीव इतका कासावीस नव्हता. मी मनातल्या मनात ती मागल्या गल्लीतली बाई पाटावर बसलेली बघत होते. नाना तिला काय म्हणतील, ती काय म्हणेल, असं काहीबाही.

टळटळीत उन्हात दार वाजलं. नाना. डोक्याला टॉवेल, चेहरा उन्हाने काळवंडलेला. आत येऊन भिंतीला टेकून बसले, पाणी मागितलं. मी विचारलं, जेवलात का? त्यांनी मान हलवली. आखाजीच्या दिवशी, घरात पुरण शिजलेलं असताना, हा म्हातारा उपाशी.

"काय झालं नाना? जोडीदारीण आली नाही का?"

"उनी ना. सकायपासून तठेच शे."

"मग?"

"पोया लाटाले बलायेल व्हती."

पोळ्या लाटायला बोलावली होती? मला काही समजेना. मग पाटावर कोण बसलं, असं मी विचारलं.

"नवा साहेबनी घरवाली. पोरग्यानी गाडी धाडेल व्हती." नाना पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलत होते. "ती चुल्हापुढे पोया लाटे, आनि ती दुसरी पाटवर जेवे. मी उठी उनू."

नवा निरीक्षक अजून त्या गावी एकदाही आला नव्हता. त्याने ते गोदाम बघितलं नव्हतं, दुकानाची पाटी बघितली नव्हती. आदेशाची प्रत त्याच्या हातात पडली असेल नसेल, पण त्याची बायको त्या घरची आई होऊन जेवून गेली होती. आणि तिचा पत्ता मीच दिला होता, माझ्याच दारात, त्याने विचारलं म्हणून. हितसंबंधातून मी बाजूला झाले होते. म्हणजे फक्त पाटावरून उठून दुसरीला जागा करून दिली होती. मला संताप आला, पण कोणावर काढायचा तेच समजेना.

मी उठले, नानांसमोर ताट ठेवलं. खिचडी, लोणचं, एक पापड. आखाजीला म्हाताऱ्या माणसापुढे हे ताट ठेवताना मला लाज वाटली. मी म्हटलं, पोटभर जेवा.

त्यांनी घास घेतला नाही. माझ्याकडे बघितलं, तसंच टक लावून, पाटावर बसलेली असताना बघायचे तसं. मग म्हणाले, "माय, एक सांग. तुनं खातं शे, तुले म्हाईत ऱ्हाई. मी मरसू तव्हय मना पाटवर कोनता साहेब बसी?"

मी म्हटलं, नाना, असं काय बोलता.

"नही, सांग. आतेच सांगी ठेव. त्यानं तोंड तरी पाही ठेवसू."

ते चेष्टा करत नव्हते आणि रडतही नव्हते. ताटातली खिचडी निवत होती आणि नाना उत्तराची वाट बघत होते.